‘सारखी’ हा शब्द गाळला की

गेल्या रविवारी नौपाड्यातील आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा पुनर्विकासाच्या विषयावर भरली होती. सल्लागार म्हणून आलेल्या गृहस्थांनी सुरुवातच अशी केली, की ‘तुमची इमारत म्हणजे अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, तिचे हाल आणखी किती दिवस बघणार?’ पुढच्या रांगेतल्या चार-पाच माना लगेच हलल्या. नकाशे, क्षेत्रफळ, करारातील अटी यांपैकी काहीही तोवर समोर आले नव्हते.

शाळेत आपण अलंकार शिकलो ते ओळखण्यापुरते. ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसला की उपमा, आणि उपमेय व उपमान एकरूप मानले की रूपक, एवढे लिहिले की गुण मिळत. हा भेद ऐकणाऱ्याच्या मनावर काय परिणाम करतो हे मात्र कोणी सांगितले नाही, आणि माझ्या मते खरा धडा तोच होता. ‘इमारत म्हातारीसारखी आहे’ असे म्हटले, तर ‘कोणत्या बाबतीत?’ असे विचारायला जागा राहते. ‘इमारत म्हणजे म्हातारी’ म्हटले की ती जागा बुजते आणि प्रश्न इमारतीचा न राहता आपल्या दयाबुद्धीचा होतो. ‘किती दिवस बघणार?’ हा प्रश्नही उत्तर मिळवण्यासाठी नव्हता. टिळकांनी १८९७ मध्ये ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले, तेव्हाही उत्तर वाचकांच्या मनात तयारच होते. पण त्या प्रश्नामागे रँडच्या खुनानंतर पुण्यात सुरू झालेल्या दडपशाहीचा प्रत्यक्ष अनुभव उभा होता.

आमच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘म्हातारी म्हणता ना, मग तिला आधी डॉक्टरांना दाखवू या. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल कुठे आहे?’ तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे आणि आमची इमारत १९८६ ची आहे. तरीही हा प्रश्न आम्हा बाकीच्यांना सुचला नाही, कारण आम्ही सगळे त्या म्हातारीच्या उशाशी जाऊन बसलो होतो. काकूंनी रूपक खोडून काढले नाही. सल्लागारांनी ते जिथे थांबवले होते, तिथून त्यांनी ते एक पाऊल पुढे नेले, आणि माझ्या मते हेही तितकेच मोठे वक्तृत्व आहे.

आधी ऑडिट करून घेण्याचा ठराव झाला. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. सल्लागारांचे ते वाक्य मी त्यात जसेच्या तसे घेतले आहे आणि त्याखाली काकूंचा प्रश्नही.