रबरमॅट टाकली की भुसा बंद? नाही हो!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "तबेल्यात काँक्रीट करा, वर मऊ रबरमॅट टाका आणि घोड्याखाली अंथरायचा भुसा-पेंढा कायमचा बंद करा. घोडा उभ्यानेच झोपतो, रोज पाणी मारलं की तबेला चकाचक, खर्चही वाचतो." मॅट चांगलीच असते, माझ्याकडेही आहे, पण बाकीचं काही पटत नाही.

"घोडा उभ्यानेच झोपतो". डुलकी काढतो उभ्याने, पायाचे सांधे अडकवून ठेवायची सोयच असते त्याच्यात. पण गाढ झोपेत स्नायू पार ढिले पडतात, त्यासाठी आडवं व्हावंच लागतं, दिवसाला अर्धा-एक तास पुरतो पण तेवढा लागतोच. जमीन टणक किंवा ओली असली की काही घोडे आडवं पडणंच टाळतात, मग कधीतरी उभ्याउभ्याच झोप लागते आणि पुढचे पाय दुमडून धाडकन खाली. पुढच्या पायांना खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून सोलवटल्याचे जुने डाग दिसले तर आधी हाच संशय घ्या, लोक उगाच ठेच लागली असेल म्हणून सोडून देतात.

"मॅट मऊ असते". तुमच्या-माझ्या चपलेला मऊ! साधारण पाऊण इंची रबर, त्यावर चारपाचशे किलोचं जनावर आडवं पडणार आणि उठताना पाय घासणार. आमच्या एका घोड्याचा भुसा आम्ही असाच कमी केला होता, तर मागच्या पायांच्या सांध्यांवरचे केस गेले आणि खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. तेव्हापासून मी तबेल्यात धपकन गुडघ्यावर बसून बघतो, हाडाला टणक लागलं किंवा पँट ओली झाली की भुसा वाढवायचा. हसतात लोक, हसू दे.

"पाणी मारलं की साफ". वरून साफ! घोडा दिवसाला पाच ते दहा लिटर सहज मुततो, शोषायला काही नसलं की ते मॅटच्या जोडातून खाली जातं आणि तुमचं पाणीही त्याच्या मागोमाग तिथेच जाऊन बसतं. विश्वास नसेल तर एक मॅट कोपऱ्यातून उचला आणि तोंड जवळ न्या, डोळे चुरचुरतात की नाही बघा. तो अमोनिया, आणि आडवा पडलेला घोडा नाक जमिनीशीच टेकवून तो ओढत असतो, मग खोकला आला की आपण चाऱ्याला दोष देतो. वर रोजच्या ओलीने खुराच्या तळव्यातला मधला त्रिकोणी भाग सडायला लागतो, काळा, घाण वास मारणारा. आणि टणक जमिनीवर मुतताना पायावर शिंतोडे उडतात, ते बऱ्याच घोड्यांना आवडत नाही म्हणून ते धरून ठेवतात.

मग कच्ची जमीनच बरी का? तिला खड्डे पडतात, मूत तिथेच साचतं, सारखी भरत बसावी लागते. त्यामुळे काँक्रीट करा खुशाल, फक्त गुळगुळीत नको, खरखरीत करा, हलका उतार द्या, मॅट टाका आणि वर भुसा टाका. मॅटमुळे थर थोडा पातळ चालतो, बचत म्हणाल तर तेवढीच.