नाद करा, पण कर्कश करा

कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारले जातात : 'बरं नाही काय?' आणि 'कुणाचं देणं लागतोस?' तिसरी शक्यता इथं धरलेलीच नाही. ज्या गावानं कौतुकाला 'नादखुळा' असा शब्द काढला, तिथं तुम्ही कुजबुजत राहणार असाल तर अवघड आहे.

सुरुवात हॉर्नपासून करा. गाडीबरोबर मिळालेला हॉर्न म्हणजे पाहुण्याच्या घरी जावयानं खाकरणं; महाद्वार रोडवरची म्हैससुद्धा मान वळवत नाही. बदलायला गेलात आणि नेमकं काय हवं ते सांगता येईना, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ वाचून दाखवा. एकामागून एक सूर काढणारा हॉर्न, किंवा वाजवीपेक्षा कर्कश, किंचाळणारा, मोठा, दचकवणारा आवाज करणारं यंत्र गाडीला लावू नये, असं त्यात म्हटलंय. सरकारनं मालाचं इतकं नेमकं वर्णन दुसरीकडं कुठं केलेलं नाही. 'लावू नये' तेवढं वाचताना गिळायचं.

आता थोडं शास्त्र. मिरवणुकीला डॉल्बी लावणारी मंडळं बेसवर पैसा ओततात. छातीत धडधडतं, खिडक्यांची तावदानं थरथरतात, सगळं खरं. पण हा आडदांड खर्च झाला. माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि ती स्वतःच साधारण ३,००० हर्ट्‌झच्या आसपास घुमते. म्हणून दोन ते पाच हजार हर्ट्‌झमधला आवाज थोडक्या ताकदीत मेंदूपर्यंत पोचतो. तान्ह्या पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी ते घर उठवतं. ताशाची काडी, पोलिसाची शिट्टी, सगळी याच पट्ट्यातली गुणी मंडळी.

डेसिबलला घाबरू नका. आकडा गरीब दिसतो हाच त्याचा गुण. साठाचे सत्तर केले तर ऐकणारा म्हणतो, दहाच तर वाढले. प्रत्यक्षात तीव्रता दहापट झालेली असते. असा दर गुऱ्हाळवाल्यालासुद्धा लावता आला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल दिलेत. पंचावन्न म्हणजे साधारण चार माणसांचं बोलणं. पेठेत चार माणसं एवढ्या आवाजात बोलायला लागली तर शेजारीपाजारी काळजीनं बघायला येतात.

दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. सीपीआर दवाखान्यावरून जाताना म्हणूनच हॉर्न जरा जास्त दाबावा. आत पडलेल्या माणसाला बाहेर जग चालू आहे एवढा तरी दिलासा नको?

खरा गुरू मात्र माईक. स्पीकरमधून आलेला स्वतःचाच आवाज तो पुन्हा ऐकतो, वाढवून सोडतो, पुन्हा ऐकतो, आणि दोन क्षणांत असा किंचाळतो की पहिल्या रांगेतले मान्यवर कानात बोटं घालतात. त्यात नवीन शब्द एकही नसतो. सोसायटीच्या मीटिंगला, टीव्हीवरच्या चर्चेला हीच पद्धत वापरा. आपलंच ऐका, चढवून सांगा. समोरचा 'अहो, पण...' म्हणाला की अर्धा सूर वर. मुद्दा मेला तरी चालेल, पट्टी उतरता कामा नये. (पार्किंगच्या वादात मी हे करून पाहिलंय. जागा मिळाली, घसा गेला.)

एवढा रियाज झाल्यावर एखाद्या संध्याकाळी देवल क्लबात गाण्याला जा. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायचे, त्याच गावातलं हे गाणं. तानपुरे जुळतील, गवई डोळे मिटून नुसता षड्ज लावेल आणि सभागृहात पंख्याचीही कुरकुर ऐकू येईल. तुम्हाला चुळबुळ व्हायला लागेल. पाच मिनिटं कळ काढा. मग शेवटच्या रांगेतून उठा आणि पट्टी न सोडता ओरडा,

"ओ साउंडवाले, आवाजच येईना की!"