थेट पेस्ट की कोड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं थेट साठवायची पद्धत) असताना मी मागच्या पोस्टमध्ये दिले तसे एचटीएमएल कोडचे (वेबपानात चिन्ह उमटावं म्हणून त्याऐवजी लिहायच्या खुणांचे) तक्ते देणं म्हणजे वेबपानं बनवायला शिकणाऱ्या नवीन मुलांचा वेळ घालवणं, चिन्ह सरळ कॉपी-पेस्ट करावं आणि मोकळं व्हावं, शिवाय मी रुपयासाठी जो नावाचा कोड (© साठी &copy; असतो तसा) दिला होता तो चालतच नाही.

दुसरं आधी घेतो, कारण ती चूक माझीच. एचटीएमएलमध्ये अशी २ हजारांवर नावं आहेत पण रुपयाला नाही. ₹ सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, ऑक्टोबरमध्ये युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जागतिक यादी) ६.० मध्ये आलंसुद्धा, तरी त्याला आकड्याचाच कोड लागतो: &#8377; आणि यातले आकडे इंग्रजीच हवेत हां, मराठी कीबोर्ड चालू ठेवून ८३७७ टाइप केलंत तर कोड जसाच्या तसा पानावर उमटतो. पोस्ट दुरुस्त केलीये.

आता पेस्टचं. ₹, ©, ॐ वगैरे दिसणाऱ्या चिन्हांसाठी तुमचं शंभर टक्के पटलं, फक्त पानाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत, यूटीएफ-८ चा मेटा टॅग (पान कोणत्या पद्धतीने साठवलंय हे ब्राउझरला सांगणारी ओळ) पाहिजे. जुन्या फोनवर ₹ च्या जागी चौकोन दिसतो तो फॉन्टमुळे, तिथे कोडही काही करू शकत नाही.

पण जे डोळ्यांना दिसतच नाही ते पेस्ट झालंय की नाही हे कळणार कसं? माझा सगळा जोर इथे आहे आणि मूळ पोस्टमध्ये मी तो नीट मांडला नाही. आपल्या मराठीतच बघा ना, 'दऱ्या' हा शब्द काही कीबोर्डवर र, हलन्त, मग एक अदृश्य जोडखूण आणि या असा टाइप होतो. एका ट्रेकिंगच्या पानाचं काम करताना मजकूर साफ करणाऱ्या प्लगिनने त्या सगळ्या अदृश्य खुणा उडवल्या आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा 'दर्या' झाला, डोंगरात समुद्र! एडिटरमध्ये काय गेलंय ते दिसेना, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. तिथे त्या जोडखुणेचा कोड &#8205; लिहिलेला असता तर निदान डोळ्यांना दिसला असता. (ऱ्य साठी खरा उपाय म्हणजे नुक्तावाला ऱ वापरणं, मग ही खूण लागतच नाही. पण 'उद्‌घाटन' मधला द पाय मोडून सुटा दाखवायचा असेल तर दुसरी अदृश्य खूण लागतेच, &#8204; ही.)

तसंच 'रु.' ओळीच्या शेवटी आणि ५०० खालच्या ओळीत, हे टाळायला न तुटणारी स्पेस लागते, &#160; दिसायला ती साध्या स्पेससारखीच, म्हणून पुढे कोणीतरी एडिट करताना नकळत पुसून टाकतं. आणि < किंवा & मजकुरात दाखवायचे असतील तर &#60; आणि &#38; लिहायची सवय हवीच, नाहीतर ब्राउझर < ला टॅगची सुरुवात समजतो आणि पुढचं वाक्य गायब होऊ शकतं.

तेव्हा तक्ता मी छोटा करतोय. दिसणारी चिन्हं काढून टाकतो, हे पाच कोड ठेवतो, आणि तुमचा थेट पेस्टचा मुद्दा पोस्टच्या सुरुवातीलाच घालतो.