एकलकोंडेपणाच्या आक्षेपाविषयी

शाळेत न जाता घरी शिकणारी मुले एकलकोंडी होतात, असे घरच्या शिक्षणावरील एका लेखात म्हटले आहे; ते आमच्या अनुभवाशी जुळत नाही. आमची मुलगी चौथीनंतर शाळेत गेली नाही. आज ती तेरा वर्षांची आहे आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलींबरोबर खो-खो खेळताना तिला घरी आणणे हेच कठीण काम असते. स्कूल बसमध्ये जाणारा वेळ वाचला, हा लाभ लहान. मोठा लाभ असा की, एखाद्या विषयात ती रमली की मध्येच तास संपल्याची घंटा वाजत नाही. गेल्या हिवाळ्यात नाशिकहून पहाटे निघून आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ). तिथे तिने चक्रवाकांची जोडी पाहिली, नराच्या मानेवरचे काळे कडे वहीत काढले, आणि हे पक्षी एवढ्या लांबून इथेच का येतात, या एका प्रश्नापायी पुढचे तीन आठवडे नकाशे, ऋतू आणि गोदावरीचे खोरे यांतच गेले. पाढे मात्र अजून कच्चे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही.

यासाठी माझ्या पत्नीने पूर्णवेळ नोकरी सोडली, आणि हे प्रत्येक घराला परवडेल असे मी म्हणणार नाही. दहावीची परीक्षा मुलगी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देईल; तिथे शाळेत न जाताही परीक्षा देता येते. त्यासाठी चौदा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणून अर्ज पुढच्या वर्षी भरू.