माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या सिडको वसाहतीत माळे रिकामे होतात आणि त्याच सुमारास एक मेसेज ग्रुपवरून ग्रुपवर फिरतो. मजकूर साधारण असा: पाच वर्षांपेक्षा जुना कॉम्प्युटर घरात ठेवू नका. विंडोज १० बंद झालंय, तो चालू केलात तर बँकेचं खातं रिकामं होईल. चालूच होत नसेल तर मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) गेला समजा. स्लो असेल तर प्रोसेसर संपला. दुरुस्तीला नव्याइतका खर्च येतो, वीजही भरमसाठ जाते. मोबाईल असताना गरज काय? भंगारवाल्याला द्या आणि जागा मोकळी करा.

आमच्या गल्लीत दोन घरांनी हे वाचून आपापले सीपीयू देऊन टाकले. त्यातला एक मी महिनाभर आधी उघडून पाहिला होता. त्याची फक्त रॅम, म्हणजे खाचेत बसणारी मेमरीची पट्टी, सैल झाली होती. त्या घरात अकरावीतली मुलगी आहे. ते मनाला फार लागलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

“चालू होत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला.” हा सगळ्यात नुकसानीचा सल्ला आहे. माळ्यावर दोन-तीन पावसाळे काढलेल्या मशीनमध्ये बोर्ड जळण्याआधी इतर चार गोष्टी बिघडतात. जुलै-ऑगस्टची ओल रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेत थर धरते. मग पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. कधी टूं-टूं आवाज येतो, पण बोर्डावर स्पीकर नसेल तर तोही नाही. प्लग काढायचा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून रॅम काढायची, पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या, चुरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक’ वाजेपर्यंत बसवायची. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघायची, खाचही बदलून बघायची.

तरी डिस्प्ले नाही? मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर केबल त्या कार्डात हवी. पुष्कळदा ती वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली असते आणि पडदा काळाच राहतो.

पंखासुद्धा फिरत नसेल तर एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्यावा. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरचा एसएमपीएस लावून बघणं ही सर्वांत सरळ परीक्षा. पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) जीवघेणा करंट साठून राहू शकतो. चालू होऊन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल तर प्रोसेसर तापतोय: पंख्यात धूळ अडकली आहे किंवा खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली आहे. ब्रश, थोडी पेस्ट आणि अर्धा तास एवढंच काम आहे.

आणि बटण सेल! सीआर२०३२, तीन व्होल्टचा. त्याच्यामुळे किती घरांत गैरसमज झालाय ते सांगतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायॉसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग या सेलवर टिकतात. सेल उतरला की दर वेळी एफ१ दाबायला सांगतो आणि तारीख मागे जाते. माझ्याकडचं मशीन १ जानेवारी २०१२ दाखवत होतं. मग कोणतीही वेबसाइट उघडा, ब्राउझर म्हणतो की कनेक्शन सुरक्षित नाही. लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात, फॉरमॅट मारून आणतात आणि तरी तेच होतं. कारण वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते. कॉम्प्युटर स्वतः २०१२ मध्ये असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदला, तारीख लावा, तक्रार संपते.

“स्लो झाला म्हणजे प्रोसेसर संपला.” प्रोसेसर असा थकत नाही. स्लो असते ती जुनी फिरती हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून जास्त, शिवाय सुई सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेल्या छोट्या फाइली असतील तर सेकंदाला शंभरेक वाचन एवढीच तिची मजल. साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, तेच काम हजारोंच्या घरात करते. माझ्याकडे २०१२ चा, तिसऱ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा कॉम्प्युटर आहे. २४० जीबीची एसएसडी आणि जुन्या बाजारातली चार जीबीची एक डीडीआर३ रॅम घातली. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं, आणि जो चालू व्हायला दोन मिनिटांहून जास्त वेळ घ्यायचा तो आता अर्ध्या मिनिटात उभा राहतो. ‘नव्याइतका खर्च’ या मुद्द्यावर याहून वेगळं लिहायची गरज वाटत नाही.

“विंडोज १० मुळे खातं रिकामं होईल.” यात खरं काय ते आधी मान्य करतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुनी मशीन त्यात बसत नाहीत. अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही बरोबर. विंडोज ७ चा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच संपला, त्यावर इंटरनेट लावूच नये.

पण जुनी झाली ती विंडोज. मशीनवर विंडोजऐवजी दुसरी यंत्रणा घालता येते. लिनक्स मिंट फुकट आहे. त्याच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला २ जीबी रॅम किमान आणि ४ जीबी असली तर आरामात पुरते, डिस्कवर २० जीबी जागा लागते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवून घ्यायचं, चालू करताना एफ१२ किंवा एफ११ (काही बोर्डांवर एफ८, एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच आवाज, पडदा, कीबोर्ड सगळं तपासता येतं. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाते, म्हणून जुने फोटो आधी काढून घ्या. लग्नाचे, बारशाचे फोटो अशाच डिस्कवर पडलेले असतात. वाय-फाय नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट येतं. मराठीसाठी सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी जोडता येते.

हिशेबाचं टॅली, सरकारी कामाच्या काही डिजिटल सह्या आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर अडतात. तुमचं रोजचं काम तेच असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

विजेचं गणित घरीच करून बघा. मॉनिटरसह १०० वॅट धरले आणि रोज चार तास चालवला तर महिन्याला १२ युनिट. दोन हजार वॅटचा गीझर रोज बारा मिनिटं चालला तरी तेवढंच होतं.

“मोबाईल असताना गरज काय?” त्या अकरावीतल्या मुलीला विचारा. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. सराव बोटाने मोबाईलवर करायचा आणि परीक्षेत माऊस हातात घेऊन पडद्यावर प्रश्न वाचत, कागदावर कच्चं काम करत वेळ सांभाळायचा, हे दोन वेगळे अनुभव आहेत. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये फी भरणाऱ्या घरांना तो सराव तिथे मिळतो. ज्यांना ती फी परवडत नाही त्यांच्याकडे माळ्यावरचं हे मशीनच असतं. मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देणाऱ्यांचंही तसंच. बोटं बसायला रोज कीबोर्ड लागतो, आणि इन्स्टिट्यूटमध्ये तो ठरलेल्या तासापुरताच मिळतो.

शेवटचा मुद्दा भंगारवाल्याचा. बोर्डावरचे कपॅसिटर फुगून फुटले असतील किंवा रॅम आणि एसएमपीएस बदलूनही पडद्यावर काहीच येत नसेल, तर मशीन ठेवण्यात अर्थ नाही. पण ते देताना हार्ड डिस्क आत ठेवून देऊ नका. डिलीट केलेली, घाईत फॉरमॅट मारलेली फाइलसुद्धा साध्या सॉफ्टवेअरने परत मिळते, आणि त्या डिस्कवर तुमच्या आधार-पॅनच्या स्कॅनपासून पासबुकच्या फोटोंपर्यंत सगळं असतं. खातं रिकामं होण्याची भीती घालणाऱ्या त्या मेसेजमध्ये याचा एक शब्दही नाही. चार स्क्रू काढा, डिस्क घरात ठेवा, आणि उरलेलं मशीन २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्या. उघड्यावर वायरी जाळून तांबं काढणाऱ्याकडे ते जाऊ नये.