पोराचा कॉन्फिडन्स घालवायचाय? मग एवढं कराच

टीचर, वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलाच आहात तर आधी हे डोक्यात पक्कं करा, लाल पेन चुका शोधायला असतं, बरोबर काय आहे ते शोधायला नाही. समजा पोराने समीकरण सोडवलंय, कंस नीट सोडवला, एक्स सगळे एका बाजूला आणले, आणि वजा पाच पलीकडे नेताना तेवढं चिन्ह बदलायचं राहिलं. आता तिथेच "इथपर्यंत एकदम बरोबर, फक्त या ओळीत चिन्ह बघ" असं लिहिलंत तर पोरगं ती ओळ सुधारणार, उत्तर येणार आणि त्याला वाटायला लागणार की आपल्याला जमतं! नको ती रिस्क. वरपासून खालपर्यंत एक फुली मारा आणि खाली लिहा, "लक्ष कुठे असतं?"

अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्येच मांडून ठेवलंय की "हे मला जमेल" हा भरवसा सगळ्यात जास्त येतो तो स्वतः केलेलं काहीतरी जमल्याने, शिवाय आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं बघून, कुणी विश्वासाने सांगितल्याने आणि त्या वेळी छाती किती धडधडतेय त्यावरून. चार दारं झाली, आपल्याला फक्त कुलूपं घालायचीत.

म्हणून उदाहरण देताना सांभाळून. मागच्या टेस्टला नापास होऊन यंदा पास झालेली बाजूच्या बाकावरची मुलगी अजिबात दाखवायची नाही. बोर्डात झळकलेली फोंड्याची मामेबहीण काढा, तीही गणेश चवथीला, सगळं घर गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली जमलेलं असताना, हातात नेवरी म्हणजे करंजी आणि तोंडात तिची टक्केवारी.

पालकांना कौतुकाची हौस असते, तर करा की. फक्त "तू हुशारच आहेस, आपल्या रक्तातच आहे ते" एवढंच म्हणा, काय मेहनत घेतली ते विचारू नका. म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग छापले होते, त्यात बुद्धीची तारीफ ऐकलेली मुलं अवघड कोडी न जमल्यावर लवकर ढेपाळली, मेहनतीची तारीफ ऐकलेली टिकून राहिली. म्हणजे स्तुतीनेही काम होतं, ओरडून घसा कशाला बसवा? आणि अगदीच कंटाळा आला तर मोबाईलमधून मान वर न काढता "गुड" म्हणा, काय गुड ते त्यालाही कळता कामा नये.

हाच पोरगा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आईच्या मिरच्यांच्या ढिगाशी बसून पाव किलो, दीडशे ग्रॅम, पन्नासची मोड असा तीन गिऱ्हाइकांचा हिशोब तोंडी करतो म्हणे. करू दे. वर्गात टक्केवारी शिकवताना मात्र चुकूनही त्याला विचारू नका, गणितात ढ म्हणून एकदा ठरलाय ना तो.

प्रगतीपत्रकावरचा शेरा मागच्या वर्षीचाच चालतो, "क्षमता आहे, प्रयत्न कमी पडतात". कसली क्षमता, कुठले प्रयत्न, असलं विचारणारे पालक फार नसतात.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्याने हात वर करून "टीचर, मी फळ्यावर करून बघू?" म्हटलंच, तर पोर्शन पूर्ण करायचाय सांगून खाली बसवा.