'सगळं' नावाचा पॅरामीटर नसतो

आमच्या मालकांना दर रविवारी संध्याकाळी, महिन्याच्या एक तारखेपासून त्या क्षणापर्यंतचा 'सगळा हिशेब' लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर अशा चार गावांत त्यांची कुंद्याची दुकाने आहेत, चारही ठिकाणची बिले एका बिलिंग कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतात, आणि ती तिथून परत आणण्याचे काम, मी कॉमर्स शिकलेलो असूनही केवळ चष्मा लावतो म्हणून, माझ्याकडे आले आहे. कंपनीने त्यासाठी रिपोर्टिंग एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागण्याची खिडकी, ठेवला आहे. त्याच्या वेब-पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचे आणि त्यापुढे आपल्या अटी लिहायच्या: कोणते दुकान, कोणत्या तारखेपासून, कोणत्या क्रमाने, कोणते रकाने, एका वेळी किती नोंदी. या अटींनाच क्वेरी पॅरामीटर म्हणतात आणि दोन अटींच्या मध्ये '&' घालावे लागते. इतके सारे मागता येते. फक्त मालकांना जे हवे असते, ते 'सगळे' मागण्याची सोय त्यात नाही.

काहीच सांगितले नाही, तर तो एपीआय शंभर बिले देतो आणि गप्प बसतो. मालकांनी ती बेरीज पाहिली, की "महिन्यात शंभरच गिऱ्हाईकं? मग दुकानात गर्दी कसली होऊलाय?" असा प्रश्न येतो. यावर उपाय म्हणून 'लिमिट' पाच हजार मागावे, तर तो पाचशेच देतो आणि आपण आकडा कापला याचा उच्चारही करत नाही. त्याहून कठीण प्रकार म्हणजे, कंपनीने मध्येच एका पॅरामीटरचे नाव बदलले, तेव्हा जुने नाव त्याने नाकारले नाही, ते नुसते कानाआड केले. उत्तर आले, वर '२००' हा सर्व काही ठीक असल्याचा आकडा आला, आणि आत चारही दुकानांची बिले एकत्र कालवलेली होती, कारण दुकान निवडण्याची अट त्याने वाचलीच नव्हती. ही शालीनता मला फार छळते. सरकारी कचेरीतला कारकून चुकलेला अर्ज निदान अंगावर तरी फेकतो.

तारखांचा मामला तर मी आमच्या सीए साहेबांना अजून नीट समजावू शकलेलो नाही. कुंद्याला लागणारे दूध खेड्यांतून पहाटे साडेचारच्या सुमारास येते आणि गोठ्यावरून आलेला माणूस कॅन उतरवतो तोच खरेदीची नोंद होते. सर्व्हर मात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार दिवस मोजतो, म्हणजे आपले घड्याळ पहाटे साडेपाच दाखवते तेव्हा कुठे त्याची मध्यरात्र होते. परिणामी १ एप्रिलच्या पहाटे आलेले दूध त्याच्या लेखी ३१ मार्चचे ठरले, आणि एका रात्रीत नव्हे, तर एका तासात ते मागच्या आर्थिक वर्षात गेले. आमचे दूध नासते हे मला ठाऊक होते; ते वर्षही बदलू शकते, हे नवीन होते. यावर तोडगा असा, की तारखेपुढे वेळ लिहून '+०५:३०' असे भारतीय वेळेचे शेपूट जोडावे. ते जोडले, आणि सर्व्हरने तारीख अवैध ठरवली, कारण पत्त्यातल्या '+' या चिन्हाचा अर्थ तिथे 'मोकळी जागा' असा घेतला जातो. अधिक म्हणायचे असेल तर टक्क्याचे चिन्ह, दोन आणि बी लिहावे लागते. साडेपाच तासांचा फरक सांगण्यासाठी इतका आटापिटा.

दुकानाचे नाव देवनागरीत लिहिण्याची हौस मालकांची. पत्त्यात देवनागरी तशीच जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरे, असा हिशेब आहे. कोणत्याही बाजूने न बोलता एवढेच नमूद करतो, की 'बेळगाव' लिहायला ५४ अक्षरे लागतात आणि 'बेळगावी' लिहायला ६३. सीमाप्रश्नात हा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही.

आता पाने उलटण्याविषयी. 'ऑफसेट' या पॅरामीटरने आधीची पाचशे बिले सोडून पुढची मागता येतात, असे त्यांच्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे, आणि ते रात्री दुकाने बंद असताना खरेही आहे. पण मालकांना हिशेब हवा असतो रविवारी संध्याकाळी सातला, जेव्हा पुण्या-मुंबईकडे निघालेली मंडळी पाव किलो, अर्धा किलो कुंदा बांधून घेत असतात. यादी नव्या बिलापासून जुन्याकडे जाते. मी पहिले पान वाचत असताना खानापुरात एक बिल फाटले, की सारी यादी एका जागेने खाली सरकते आणि पहिल्या पानावरचे शेवटचे बिल दुसऱ्या पानावर पुन्हा पहिले म्हणून उभे राहते. मग विक्री गल्ल्यातल्या रकमेपेक्षा जास्त दिसते, आणि मालक अशा वेळी कधीही तक्रार करत नाहीत. याउलट मध्येच एखादे बिल रद्द झाले, तर एक नोंद दोन पानांच्या फटीत गडप होते, आणि मग निपाणीच्या पोराला फोन जातो.

पुढे कंपनीने 'कर्सर' आणला. प्रत्येक पानाच्या शेवटी एक लांबलचक, अर्थहीन ओळ मिळते. ती जशीच्या तशी पुढच्या विनंतीत घालायची, की यादी सोडली होती तिथूनच सुरू होते, मधल्या काळात कितीही बिले फाटोत. ही पद्धत मला मनापासून आवडली. मालकांना नाही. त्यांना एकदम सातवे पान पाहायचे असते आणि कर्सरने तिथे उडी मारता येत नाही, सहाही पाने ओलांडूनच जावे लागते. घाईघाईने ओलांडायला जावे, तर सर्व्हर '४२९' असे उत्तर देतो, ज्याचा अर्थ फार विनंत्या झाल्या, जरा थांबा. मी थांबतो. मागे मालक उभे असतात.

"काय करूलास रे?"

"थांबलोय, मालक. त्यानं साठ सेकंद थांबायला सांगितलंय."

"कुणी?"

याचे उत्तर मी आजवर देऊ शकलेलो नाही.

शेवटचे पान ओळखणे हीही एक कला आहे. मागितली त्यापेक्षा कमी बिले आली, तर संपले असे समजावे. पण परवा बरोबर पाचशे आली, शिवाय खाली पुढचा कर्सरही होता, आणि तो वापरून पाहिला तेव्हा सर्व्हरने तितक्याच आदबीने रिकामी यादी दिली, वर '२००' लिहून. मी बेरीज केली. ती चारही गल्ल्यांशी रुपयासकट जुळली. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद जवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "झकास. आता यातले पाव किलोचे डबे किती, तेवढं वेगळं काढ."

पाने हलकी यावीत म्हणून, आणि 'मला फक्त रक्कम पाहिजे' असे मालकांनीच बजावले होते म्हणून, 'फील्ड्स' या पॅरामीटरमध्ये मी बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम एवढेच मागितले होते. मी त्यात 'आयटम्स' जोडले आणि पहिले पान पुन्हा मागवले. तोवर संकेश्वरला आणखी तीन बिले फाटली होती.